ॲमस्टरडॅमच्या त्या नऊजणी कोसळल्या नव्हत्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ऑलिंपिकमधील महिलांच्या वाटचालीवर प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. मराठीत या विषयावर इतके सविस्तर लिहिले जाणे दुर्मीळ आहे, म्हणून आधी लेखकाचे आणि आपले आभार मानते. मात्र त्या लेखातील एका विधानाबद्दल हे पत्र लिहिणे मला भाग आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमला महिलांची ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच ठेवली गेली, त्यात निम्म्याहून अधिक धावपटू दमून मैदानावर कोसळल्या आणि म्हणून ती शर्यत पुढे बंद करावी लागली, असे त्यात म्हटले आहे. शर्यत प्रथमच ठेवली गेली हे खरे आणि ती बंद झाली हेही खरे. मधला भाग, ज्याच्या आधारावर ती बंद केली गेली, तो खरा नाही. तरीही जवळजवळ शंभर वर्षे तो वर्तमानपत्रांतून, पुस्तकांतून आणि शारीरिक शिक्षणाच्या वर्गांतूनसुद्धा जसाच्या तसा पुढे चालत आला आहे. मी स्वतः शारीरिक शिक्षणाची पदविका घेत असताना तो वर्गात ऐकला, वहीत उतरवून घेतला आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या विद्यार्थिनींना सांगितलाही. त्या चुकीची भरपाई म्हणूनही हे पत्र लिहीत आहे.

प्रत्यक्षात काय घडले ते आधी सांगते. १ ऑगस्टला प्राथमिक फेऱ्या झाल्या आणि २ ऑगस्ट १९२८ रोजी अंतिम शर्यत झाली. अंतिम शर्यतीत नऊ धावपटू होत्या. जर्मनीच्या लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिल्या आल्या. जपानच्या किनुए हितोमी २ मिनिटे १७.६ सेकंदांत दुसऱ्या आल्या आणि स्वीडनच्या इंगा गेन्टझेल तिसऱ्या. त्यांच्यामागून कॅनडाच्या जीन थॉम्पसन आणि बॉबी रोझेनफेल्ड, अमेरिकेच्या फ्लॉरेन्स मॅक्डोनाल्ड, जर्मनीच्या मारी डॉलिंगर, पोलंडच्या गेर्त्रुदा किलोस आणि जर्मनीच्या एल्फ्रीडे वेव्हर अशा सगळ्या जणी पोहोचल्या. नऊ निघाल्या आणि नऊ पोहोचल्या. वाटेत एकीनेही शर्यत सोडली नाही. पहिल्या तिघींनी तोपर्यंतचा जागतिक विक्रम मोडला, आणि राडके यांची त्या दिवसाची वेळ पुढे १९४४ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, जागतिक विक्रम म्हणून टिकली. ॲथलेटिक्समध्ये जर्मनीला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होते. एवढ्या तोडीच्या शर्यती त्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांकडूनही फार झाल्या नसतील.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मात्र निराळीच शर्यत छापून आली. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने नवांपैकी सहा जणी पूर्णपणे गलितगात्र होऊन तोंडावर आपटल्या असे लिहिले, आणि हे अंतर स्त्रीच्या ताकदीपलीकडचे आहे असा निष्कर्षही बातमीतच काढून टाकला. लंडनच्या एका दैनिकाने डॉक्टरांच्या हवाल्याने अशी भीती घातली की असली दमछाक करणाऱ्या बायका अकाली म्हाताऱ्या होतील. पुढे एका अमेरिकी क्रीडालेखकाने तर धावणाऱ्या बायकांची संख्याच अकरा केली, त्यांतल्या पाच जणींना मध्येच शर्यत सोडायला लावले आणि आणखी पाच जणींना शेवटच्या फितीपाशी पाडले. नऊ जणींच्या शर्यतीत दहा जणी बाद! मूळ निकालपत्र समोर ठेवले असते तर ही चूक दोन मिनिटांत लक्षात आली असती, पण ते कोणी समोर ठेवले नाही. पुढच्यांनी मागच्यांची री ओढली.

या शर्यतीला पंच म्हणून प्रत्यक्ष मैदानावर उभे असलेले एक डॉक्टर होते, स्वित्झर्लंडचे फ्रान्झ मेसर्ली. त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे की शेवटच्या रेषेपाशी कॅनडाच्या दोघी आणि जपानची एक अशा तिघी हिरवळीवर आडव्या झाल्या, त्यामुळे प्रेक्षकांचा आणि पत्रकारांचा त्या पार थकून कोसळल्या असा समज झाला. आपण त्याच ठिकाणी हजर होतो आणि त्यांना काहीही झालेले नव्हते, शर्यत हरल्याच्या निराशेने त्यांना रडू फुटले होते, असे ते खात्रीने सांगतात. प्रेक्षकांच्या सज्जात बसून लिहिणाऱ्या वार्ताहरापेक्षा चार हातांवर उभ्या असलेल्या डॉक्टरची साक्ष वजनदार मानायला हवी होती. तसे झाले नाही.

हिरवळीवर आडवे होण्याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण मैदानावर उभे राहून ज्यांनी ही शर्यत कधी पाहिलेली नाही त्यांना त्या दृश्याची उगाचच धास्ती वाटते. ८०० मीटर ही फसवी शर्यत आहे. ती शंभर-दोनशेसारखी एका दमात संपत नाही आणि पाच हजारांसारखी श्वास सांभाळून पळताही येत नाही. दुसरी फेरी अर्धी झाली की मांड्या भरून येतात, पाय दगडाचे होतात, हात आपोआप वर वर जाऊ लागतात आणि मान मागे पडते. शेवटची रेषा ओलांडल्यावर जो कोणी मनापासून पळालेला असतो, तो कमरेवर हात ठेवून ओणवा होतो, बसतो किंवा सरळ गवतावर पाठ टेकतो. मुलगा असो की मुलगी, मी पस्तीस वर्षे हेच पाहत आले. तीन-चार मिनिटांनी तोच खेळाडू उठतो, बुटाच्या नाड्या सोडतो आणि आपली वेळ काय लागली हे विचारायला टाइमकीपरच्या टेबलापाशी येतो. किंबहुना शर्यत संपल्यावर जो टवटवीत दिसतो त्याला आम्ही शिक्षक विचारतो की बाबा, तू पळालास तरी किती? शेवटच्या रेषेपलीकडे आडवे होणे हा आजाराचा पुरावा मानायचा, तर पुरुषांची ८०० मीटरही केव्हाच बंद करावी लागली असती.

आणि पुरुष खरोखर कोसळले तेव्हा काय झाले तेही पाहावे. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी स्टेडियममध्ये शिरला तो उलट्या दिशेने वळला, पुन्हा पुन्हा पडला, आणि अखेर पंचांनी आधार देऊन त्याला रेषेपलीकडे नेले. आधार घेतल्यामुळे तो बाद ठरला, पण राणी अलेक्झांड्रा यांनी त्याला चषक देऊन गौरवले आणि त्याचे नाव जगभर झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९१२ मध्ये, स्टॉकहोमच्या मॅरेथॉनमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो उन्हाने पडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. एका तरुणाचा जीव गेला, तरी पुरुषांची मॅरेथॉन बंद करावी असे आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाला वाटले नाही. ॲमस्टरडॅममध्ये तिघी जणी गवतावर बसून रडल्या आणि एक अख्खी शर्यत बत्तीस वर्षांसाठी पुसली गेली. या दोन घटना शेजारी ठेवल्या की निर्णय आधीच ठरला होता आणि फक्त निमित्त हवे होते, असे मला वाटते.

तसे म्हणायला कारण आहे. ऑलिंपिक चालवणाऱ्यांना महिलांना मैदानी खेळांत मुळात प्रवेशच द्यायचा नव्हता, आणि तो त्यांनी भांडून मिळवला होता. त्यामागे फ्रान्सच्या ॲलिस मिलिया या बाई होत्या. ऑलिंपिकची दारे उघडेनात तेव्हा त्यांनी १९२१ मध्ये महिलांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ उभा केला आणि १९२२ मध्ये पॅरिसला महिलांचे स्वतःचे ऑलिंपिक भरवले. एका दिवसाच्या त्या स्पर्धेला वीस हजार प्रेक्षक आले. 'ऑलिंपिक' हे नाव वापरण्यास आंतरराष्ट्रीय समितीने हरकत घेतली, म्हणून पुढच्या स्पर्धांना महिलांच्या जागतिक क्रीडास्पर्धा म्हटले जाऊ लागले. अखेर तडजोड म्हणून १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांना जागा मिळाली. त्यांची अपेक्षा दहा प्रकारांची होती आणि पदरात पडले फक्त पाच: १०० मीटर, ८०० मीटर, उंच उडी, थाळीफेक आणि ४ बाय १०० मीटर रिले. ही बोळवण मान्य नाही म्हणून ब्रिटनच्या महिला धावपटूंनी ॲमस्टरडॅमवर बहिष्कारच घातला.

इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवते, कारण आपल्या लेखात ती नाही. १९२२ च्या पॅरिसच्या स्पर्धेत महिलांची १,००० मीटरची शर्यत झाली होती आणि फ्रान्सच्या ल्युसी ब्रेआर यांनी ती जिंकली होती. म्हणजे ॲमस्टरडॅमच्या सहा वर्षे आधीच बायका ८०० पेक्षा जास्त अंतर पळत होत्या. ऑलिंपिकमधून ८०० काढून टाकल्यानंतरही प्रागच्या १९३० च्या आणि लंडनच्या १९३४ च्या महिला स्पर्धांत ती शर्यत होतच राहिली. बायकांना ते अंतर झेपत नाही, हे त्या ते अंतर पळत असतानाच त्यांना सांगितले जात होते.

आता किनुए हितोमी यांच्याबद्दल. खरे तर या पत्राचा निम्मा खटाटोप त्यांच्यासाठी आहे. त्यांचा जन्म १ जानेवारी १९०७ रोजी जपानच्या ओकायामा प्रांतात झाला. संपादक महोदय, आपल्याला हे वाचून विशेष वाटेल की त्या आपल्याच व्यवसायातल्या होत्या: ओसाकाच्या एका दैनिकात त्या वार्ताहर म्हणून नोकरी करत होत्या आणि नोकरी सांभाळून सराव करत होत्या. १९२६ मध्ये स्वीडनमधील गोटेबर्ग येथे महिलांच्या जागतिक स्पर्धेला जपानकडून त्या एकट्याच गेल्या. तिथे त्यांनी लांब उडीत आणि उभ्याने मारायच्या लांब उडीत पहिला क्रमांक मिळवला, थाळीफेकीत दुसरा आणि १०० यार्डांच्या शर्यतीत तिसरा, आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान घेऊन त्या परतल्या. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. १९२८ च्या मे महिन्यात ओसाकात त्यांनी ५.९८ मीटर लांब उडी मारली. हा जागतिक विक्रम पुढे दहा वर्षांहून अधिक काळ टिकला.

पण ॲमस्टरडॅमच्या पाच प्रकारांत लांब उडी नव्हती. ज्या प्रकारात त्या जगात पहिल्या होत्या, तो प्रकारच त्यांना खेळता येणार नव्हता. म्हणून त्यांनी सगळी भिस्त १०० मीटरवर ठेवली आणि तिथे त्या उपांत्य फेरीतच बाद झाल्या. देशातून एकटीच मुलगी म्हणून आलेली, पाठीमागे वर्तमानपत्राचे नाव, लोकांची अपेक्षा, आणि हात रिकामे. त्या अवस्थेत त्यांनी ८०० मीटरला उतरण्याचे ठरवले. त्या अंतराचा त्यांना सराव नव्हता. शंभर मीटरची धावपटू आठशेला उतरते म्हणजे काय, हे मैदानावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. सुरुवातीला किती वेगाने जायचे, पहिल्या फेरीत किती राखून ठेवायचे, कोणाच्या मागे राहायचे, हे सगळे शरीराला सवयीने कळते, पुस्तकात वाचून कळत नाही. असे असताना त्यांनी प्राथमिक फेरी पार केली आणि दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यतीत राडके यांच्या मागे अवघ्या ०.८ सेकंदांनी पोहोचल्या. जपानच्या कोणत्याही महिलेने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, मिकिओ ओडा यांनी तिहेरी उडीत १५.२१ मीटर अंतर कापून सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले आशियाई. ओडांचे नाव जपानबाहेरही माहीत असते. हितोमींचे नाव घेतले गेलेच तर 'कोसळलेल्या जपानी मुलीचे' म्हणून घेतले जाते, तेही बहुधा नाव न घेताच.

१९३० मध्ये प्रागच्या जागतिक स्पर्धेला जाताना त्यांनी आपल्याबरोबर इतर जपानी मुलींनाही नेले. त्यासाठी लागणारा पैसा शाळांतल्या मुलींकडून छोट्या छोट्या देणग्यांच्या रूपाने गोळा झाला. प्रागला त्यांनी पुन्हा लांब उडी जिंकली आणि परत आल्यावर आभाराच्या भेटीगाठी, भाषणे आणि नोकरी यांत विश्रांती म्हणून घेतली नाही. पुढच्या वर्षी छातीच्या विकाराने त्या खाटेला खिळल्या आणि २ ऑगस्ट १९३१ रोजी वारल्या. शर्यतीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. वय चोवीस. प्रागमध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक शिळा उभारण्यात आली आहे.

त्या शर्यतीतली आणखी एक गोष्ट वर्तमानपत्रांना दिसली नाही. चौथ्या आणि पाचव्या आलेल्या दोघी कॅनडाच्याच होत्या. जीन थॉम्पसन फक्त सतरा वर्षांच्या होत्या आणि शेवटच्या टप्प्यात त्यांची गती मोडली. बॉबी रोझेनफेल्ड या मुळात कमी अंतराच्या धावपटू; १०० मीटरचे रौप्यपदक त्यांनी आधीच मिळवले होते. त्या मागून वेगाने पुढे येत थॉम्पसन यांच्या बरोबरीला पोहोचल्या, तिथून पुढे निघून जाणे सहज शक्य असताना त्यांच्या शेजारी राहून त्यांना धीर देत पळाल्या, आणि रेषेपाशी थॉम्पसन यांना चौथी येऊ देऊन स्वतः पाचव्या आल्या. पुढे रोझेनफेल्ड टोरांटोच्या एका दैनिकात अनेक वर्षे क्रीडास्तंभ लिहीत होत्या. ज्या शर्यतीचे वार्तांकन इतके वाईट झाले, तिच्यात धावलेल्या नऊ जणींपैकी दोघी पुढेमागे पत्रकारितेत होत्या, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

ऑलिंपिक संपल्यावर आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने महिलांच्या कार्यक्रमातून ८०० मीटर वगळली. १९३२ आणि १९३६ मध्ये महिलांसाठी सर्वांत लांबची वैयक्तिक शर्यत होती १०० मीटर. १९४८ मध्ये त्यात २०० मीटरची भर पडली आणि तिथेच पुढची बारा वर्षे गाडी अडली. १९५२ मध्ये आपल्या देशाच्या पहिल्या महिला धावपटू हेलसिंकीला गेल्या. निलिमा घोष १०० मीटर आणि ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावल्या, तर मुंबईच्या मेरी डिसूझा १०० आणि २०० मीटरमध्ये. त्याहून लांब पळण्याची सोयच नव्हती. ॲमस्टरडॅमच्या खोट्या बातमीचा फटका आपल्या मुंबईच्या मुलीपर्यंत असा पोहोचला होता, हे मला फार उशिरा उमजले.

१९६० मध्ये रोमला ८०० मीटर परत आली. सोव्हिएत रशियाच्या ल्युदमिला शेवत्सोवा यांनी ती २ मिनिटे ४.३ सेकंदांत जिंकली. ॲमस्टरडॅमच्या वेळेपेक्षा हे साडेबारा सेकंदांनी कमी आहे. त्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या डिक्सी विलिस आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात तोल जाऊन धावपट्टीबाहेर गेल्या आणि त्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. म्हणजे जे १९२८ मध्ये घडलेच नव्हते ते १९६० मध्ये खरोखर घडले. पण या वेळी शर्यत बंद झाली नाही. महिलांची ४०० मीटर तर त्यानंतर, १९६४ मध्ये टोकियोत सुरू झाली आणि त्या पहिल्याच खेपेला आपल्या स्टेफी डिसूझा तिच्यात धावल्या. १,५०० मीटर १९७२ मध्ये आली, मॅरेथॉन १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये आणि ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे वाटेतले अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत, अगदी अलीकडे, २००८ मध्ये. आमच्या सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला याच स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. ती शर्यत महिलांसाठी सुरू होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुरुष ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस १९०० पासून पळत होते. ललिताताईंचा जन्म दहा-पंधरा वर्षे आधी झाला असता तर दुष्काळी माणच्या त्या पायांना पळायला ती शर्यतच मिळाली नसती. ॲलिस मिलिया मात्र १९५७ मध्येच गेल्या, रोमच्या तीन वर्षे आधी.

हे सगळे इतके मनाला लावून घेण्याचे कारण माझ्या स्वतःच्या नोकरीतले आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका होते. आमच्या मैदानाची आखणी २०० मीटरची होती, त्यामुळे ८०० मीटरला चार फेऱ्या. आदल्या संध्याकाळी आम्हीच चुन्याने रेषा मारायचो आणि सकाळपर्यंत गुरे त्या अर्ध्या पुसून टाकायची. आमच्या केंद्राच्या स्पर्धेत मी हट्टाने मुलींची ८०० मीटर ठेवली. सात मुली धावल्या, सगळ्या अनवाणी. जी पहिली आली ती रेषा ओलांडून दहा पावले चालली आणि मातीत मांडी घालून बसली, मग आडवी झाली. मी तिच्याजवळ गेले, मनगट धरले; नाडी जोरात होती पण नियमित होती. तिने डोळे उघडून मला विचारले, "बाई, पहिली आले ना?" पाच मिनिटांनी तिने लिंबाची फोड चोखली, तासाभराने मैत्रिणींबरोबर भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि संध्याकाळी चार किलोमीटर चालत घरी गेली. त्याच आठवड्यात एका स्थानिक पत्रात बातमी आली की शर्यतीत विद्यार्थिनी बेशुद्ध पडली आणि पालकांत घबराट आहे. बातमी देणाऱ्याने मला विचारले नव्हते, त्या मुलीलाही नाही. पुढची तीन वर्षे आमच्या केंद्रावर मुलींसाठी १०० आणि २०० मीटरच राहिल्या. ती मुलगी पुन्हा ८०० मीटर पळाली नाही, कारण तिच्या शाळेच्या वर्षांत ती शर्यत पुन्हा झालीच नाही. आज ती नातवंडांची आजी आहे. मध्यंतरी एका लग्नात भेटली तेव्हा तिने मला आपली वेळ विचारली. माझ्या जुन्या वहीत ती होती, मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितली.

त्या काळात मला हितोमी कोण हे माहीत नव्हते. १९९२ मध्ये बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या युको आरिमोरी यांनी मॅरेथॉनमध्ये रौप्यपदक मिळवले, तेव्हा एका लहानशा बातमीत वाचले की मैदानी खेळांत जपानी महिलेला चौसष्ट वर्षांनी पदक मिळाले आहे. चौसष्ट वर्षांपूर्वीची ती कोण, या कुतूहलातून मी शोध घेऊ लागले. आरिमोरीही ओकायामाच्याच. पुढे मिळेल तिथून निकालपत्रके, मेसर्ली यांचे निवेदन, शर्यतीची छायाचित्रे पाहत गेले. त्या शर्यतीच्या चित्रफितीचे तुकडे आजही पाहायला मिळतात. त्यांत मैदानभर पडलेल्या बायकांचा खच मला कुठेही दिसला नाही. दिसतात त्या ढगळ चड्ड्या आणि अंगरखे घातलेल्या, कोळशाच्या भुकटीच्या काळपट धावपट्टीवर दातओठ खाऊन पळणाऱ्या मुली.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या रविवारच्या पुरवणीत, ज्या पानावर तो लेख आला त्याच पानावर, दुरुस्ती छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा नको, कारण वाचणाऱ्यांत शाळांचे क्रीडाशिक्षक आहेत आणि ते ही कात्रणे फलकावर लावतात. दुरुस्तीत नऊही जणींची नावे त्यांच्या क्रमाने द्यावीत. ती मी वर दिलीच आहेत. आणि जपानी नाव छापताना ते 'किनुए हितोमी' असे छापावे. आपल्या लेखात त्यांचा उल्लेख 'एक जपानी स्पर्धक' एवढाच झाला आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, जि. सातारा